त्रेसष्ट पांढरी कार्डं

।। श्री ।।

सायखेडा
ता. ११ जानेवारी २०२५

चि. सौ. स्नेहल हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंनाही, आज त्यांना मूठभर जास्त.

वि. वि. तुझा बाप सोमनाथ काल नाशकाच्या मार्केटात मेथीच्या जुड्या उतरवून आला तो तसाच माझ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, घे आई, दादांची सगळी माणसं परत आली. मी चष्मा लावला, पुसला, परत लावला. एकेका नावावर बोट ठेवून मोजलं. त्रेसष्ट! अगं, गुडघे बरे असते तर ओसरीवर फुगडी घातली असती.

तुझे आजोबा गेल्यापासून ह्यांचा तो कॉम्प्युटर चादरीखाली पडून होता. दिवाळीत किशोरराव त्याच्या पोटातला डबा गोणीत घालून नाशकाला घेऊन गेले तेव्हा मी मनात म्हणलं, गेला तो डबा. तर त्यातनं नावं काढून, नव्या साच्यात बसवून, छापून पाठवली की! असा जावई गंगापूर रोडला राहतो म्हणजे गंगापूर रोडचं नशीब.

यादी मांडीवर घेऊन दिवसभर बसले होते. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण अक्काबाई पहिल्या बाळंतपणात गेली ते तू ऐकलंय. रक्त आणलं तर जुळंना. मागनं कळलं की तिचं रक्त त्या बॉम्बे गटाचं, दहा हजारांत एखाद्याचं, त्याला दुसरं कुठलंच चालत नाय. पुढं ह्यांचंही तेच निघालं. हे पोष्टमन, गावोगाव फिरायची सवय. रिटायर झाल्यावर तशी माणसं शोधत हिंडले आणि कॉम्प्युटरात नावं घालत बसले. दर दिवाळीला सगळ्यांना कार्ड. मजकूर ह्यांचा, पत्ते माझ्या हातचे. दुसरीतनं शाळा सुटलेली मी, पण पत्ता लिहावा तर कुसाबाईनं, असं हे पाव्हण्यांना सांगायचे.

आता तेच रक्त तुझ्या अंगात हाय. डॉक्टरीणबाई म्हणल्या ना, वार खाली हाय, दहा मार्चला पोट उघडूनच बाळ काढायचं, त्याआधी त्याच रक्ताच्या दोन बाटल्या तयार पाहिजेत. सोमनाथचं नाय जुळलं. तुझं काढून ठेवावं तर तुझंच पातळ. मी देवाला म्हणत होते, दोन माणसं दे. त्यानं त्रेसष्ट दिली.

खरं सांगू का, मला वाटलं होतं वीसेक उरली असतील. त्या कॉम्प्युटरात लय कार्डं काळी झाली होती. किशोररावांनी सगळी पांढरीफेक करून दिली. चांदोरीचा वामन शिंपीसुद्धा हाय बघ. मला वाटत होतं मी त्याच्या दहाव्याला गेले होते. भावाचं असंल. कागदावर हाय म्हणजे असणारच.

फोनवर मला नुसतं घुंई ऐकू येतं म्हणून पत्रच लिही. सोमनाथ एक दिवसाआड मार्केटला येतोच. तीळगूळ पाठवलाय, पण तू दोनच खा, बाकीचा तुझ्या आईला, आशाला दे.

माझी माया हायच. तू पत्र घालून तिला खतपाणी करत जा.

तुझी
आजी

•

नाशिक
ता. १५ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न.

तुझ्या पत्रात आधी मेथी येते, मग गुडघे, मग जावई आणि चौथ्या नंबरला मी. पाळणा हलला की पाचव्या नंबरला जाईन, तेवढी तयारी ठेवली आहे.

तू जावयाचं कौतुक केलंस ते त्यानं दोनदा वाचलं. काम सोपं नव्हतं. आजोबांचा तो पत्ते ठेवायचा प्रोग्राम पंचवीस वर्षांपूर्वीचा, बनवणारे केव्हाच गाशा गुंडाळून गेले, आणि आताचे कॉम्प्युटर ती फाइल उघडतच नाहीत. पहिल्या रविवारी नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसली. दुसऱ्या रविवारी कुठला तरी जुना फॉन्ट शोधून अक्षरं मराठीत आली. तिसऱ्या रविवारी एकेक रकाना नव्या साच्यात बसवला: नाव, गाव, फोन, जन्मसाल. शेवटी हिरवी पट्टी आली, त्रेसष्टपैकी त्रेसष्ट, चुका शून्य. त्यानं मला झोपल्या जागी पेढा भरवला.

डॉक्टरांना यादी दाखवली. त्या म्हणाल्या, एवढी माणसं रक्तपेढीकडेसुद्धा नसतील. माझ्या फाइलवर त्यांनी लिहिलं, घरचे रक्तदाते त्रेसष्ट. रक्तपेढीनं बाहेरगावी चौकशी सुरू केली होती, तीही आता घाई नाही म्हणून मागं ठेवली आहे. महिन्यानंतर मी पहिल्यांदा नीट जेवले.

एवढंच आहे की फोन लागत नाहीत. किशोरनं सहा जणांना लावून पाहिले, सगळे जुने घरचे नंबर, सगळ्यांकडून एकच बाई सांगते की हा क्रमांक अस्तित्वात नाही. म्हणून काम आता तुझ्याकडे. आजोबा पाठवायचे तशी त्रेसष्ट कार्डं टाक. दहा मार्चची तारीख लिही आणि कोण येऊ शकेल ते कळवायला सांग.

काळ्या कार्डांचं विचारलं. तो म्हणाला, फाइलमध्ये रंग कुठे असतो, जुन्या पडद्यावर तसे डाग पडतात. तुझ्या मोतीबिंदूवरही त्याचा संशय आहे, पण ते मी सांगितलं असं म्हणू नकोस.

तीळगूळ तीन खाल्ले. रागावायचं तर पत्रातून रागव.

तुझी लाडकी (अजून तरी)
स्नेहल

•

।। श्री ।।

सायखेडा
ता. २९ जानेवारी

चि. सौ. स्नेहलला अनेक आशीर्वाद.

वि. वि. कार्डं टाकली. चार दिवस बसून लिहिली, बोटाला शाईचा घट्टा पडला. पोष्टातला पोरगा म्हणाला, आजी, अख्ख्या वर्षात एवढी कार्डं खपत नाहीत. मी म्हणलं, माझ्या नातीला त्रेसष्ट पाव्हणे येणार हायत.

उत्तरं यायला लागली. पहिलं चांदोरीचं. वामन शिंप्याच्या पोरानं लिहिलंय, आमचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांना दहा मार्चला रक्त द्यायला बोलावता, ही कसली थट्टा, आमच्या आईनं तुमचं कार्ड देवापुढं ठेवलंय आणि कालपासून ती तिथंच बसून हाय. वाचून मला आधी हसू आलं. म्हणजे दहावं वामनचंच होतं, मी बरोबर होते. मग त्या म्हातारीचा विचार आला आणि हसू गेलं.

दुसरं पिंपळगावचं. तेही तसंच. तिसरं, चौथं, पाचवं. काल एकदम सहा आली. सोमनाथ वाचायचा आणि मी एकेका नावावर काट मारायची. सहाव्याला तो म्हणाला, आई, बास कर, आणि उठून गोठ्यात गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किशोररावांनी डबा दिवाळीनंतर आठवड्यानं परत आणून दिला होता. सोमनाथला तो जोडायला लावला. अर्धा तास घरघर करून पडदा लागला, आणि दिसली बघ कार्डं. डाग नायत गं ते. डोळ्याचंही काय नाय.

तुझे आजोबा एकदा लिहिलेलं नाव पुसायचे नाहीत. म्हणायचे, माणूस गेला तरी पत्ता राहतो. दिवाळीच्या कार्डाला कुणाच्या घरून असं उत्तर आलं की हे त्याचं कार्ड काळं करायचे आणि उठून डोक्यावरनं आंघोळ करायचे, आपल्यातलं कुणी गेलं की करतो तशी. मी म्हणायची, कोण कुठला तो, त्याचं आपल्याला कसलं सुतक? हे म्हणायचे, त्याचं न् माझं रक्त एक, मग सुतक कुणाला? मी मुकाट पाणी काढून द्यायची. आणि इतकं माहीत असून तुझ्या कागदावर सगळी पांढरी बघून मला वाटलं की शिकल्यासवरल्या माणसानं चौकशी करूनच पांढरी केली असतील. मला हवं होतं ना, म्हणून तसं वाटलं.

एकेचाळीस काळी हायत. बावीस पांढरी. आता तू घाबरू नकोस. बावीस म्हणजे काय थोडी झाली? आपल्याला दोनच पाहिजेत.

डिंकाचे लाडू पाठवलेत. खा आणि डाव्या कुशीवर झोप.

माया हाय तेवढी हायच, आणखी पाठवते.

तुझी
आजी

•

नाशिक
ता. २ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

पत्र वाचलं आणि किशोरच्या हातात दिलं. त्यानं लॅपटॉप उघडला आणि जुनी फाइल ओळीओळीनं पाहिली. मग म्हणाला, जुन्या फाइलमध्ये रंगाचा एक वेगळा रकाना होता. त्यात रंग नव्हताच, नुसता शून्य नाहीतर एक असा आकडा. नव्या साच्यात त्याला जागा नव्हती. यंत्रानं विचारलं होतं की हा रकाना सोडून देऊ का, आणि त्यानं हो म्हटलं होतं. चुका शून्य आल्या, कारण यंत्राच्या मते चूक झालीच नव्हती. तेव्हापासून तो ताटावर नुसता बसतो. आई ओरडते, मग दोन घास खातो.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फाइलवरचा त्रेसष्ट खोडला. रक्तपेढीला पुन्हा शोध घ्यायला लावला आहे, पण मधले अठरा दिवस गेले. त्या म्हणाल्या, पासष्टच्या पुढचे चालणार नाहीत. मी बावीस जणांची जन्मसालं पाहिली. आठ जण वयात बसत नाहीत.

उरले चौदा, असं लिहिणार होते. मग पुन्हा नावं वाचली. चौदाव्या ओळीत नाव आहे, रंगनाथ, सायखेडा, आणि जन्मसालाची जागा रिकामी.

आजी, आजोबा जाऊन सहा वर्षं होतील. त्यांचं कार्ड अजून पांढरं आहे. ते गेल्यावर कार्डं काळी कोण करत होतं? मला खरं सांग. रागावणार नाही. पण उरलेल्या तेरांतले किती आज आहेत हे मला कळायला हवं.

बाळ रोज दुपारी तीन वाजता लाथा मारतं. आई म्हणते तुझ्यावर गेलंय, गप्प बसवत नाही.

तुझी
स्नेहल

•

।। श्री ।।

सायखेडा
ता. १० फेब्रुवारी

चि. स्नेहलला आशीर्वाद.

तू विचारलंस, सांगते. कुणीच करत नव्हतं. ह्यांचं नाव कागदावर मलाही दिसलं होतं, बोलले नाय.

मला येत होतं. कुठलं बटण दाबायचं ते ह्यांनी शिकवलं होतं. ह्यांचं तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी नांदूरकडच्या एका बाईचा निरोप आला की आमचे हे गेले. मी कॉम्प्युटरपुढं बसले. पण त्या माणसाचं कार्ड काळं करायचं तर आधी ह्यांचं करायला पाहिजे होतं. हे आधी गेले होते ना. हात पुढं गेला नाय. ह्यांचं पांढरं कार्ड बघत बसले, मग चादर टाकली. पुढं दोन-तीन निरोप आले तेही तसेच राहिले. दिवाळीची कार्डंही थांबली. मी म्हणलं, आता कुणाला लागणार हायत?

तुला लागली.

आता तेरांचं ऐक. पाच ह्या सहा वर्षांत गेले. चार कार्डं शिक्के मारून परत आली, त्या पत्त्यावर कुणी नाय. तिघांनी लय आपुलकीनं लिहिलंय, पण एकाला मागं कावीळ होऊन गेली, दोघं साखरेची सुई घेतात, डॉक्टर त्यांचं रक्त घेत नायत. उरला एक, सुरगाण्याकडचा मंगळू. त्याचं उत्तर नाय, पण कार्डही परत आलं नाय.

मंगळू तुला आठवत नसंल. आजोबांना रानातला मध आणून द्यायचा. नागली कापली की घरदार घेऊन निफाडकडं द्राक्षाच्या कामाला उतरतो. कुठल्या बागेत ते दरसाल वेगळं. हे त्याच्या कार्डावर लिहून ठेवायचे की ह्या साली अमक्याच्या मळ्यात हाय. आता ते कोण लिहिणार? म्हणून मीच उद्यापासून सोमनाथच्या गाडीत बसून बागा पालथ्या घालणार. सोमनाथ म्हणाला, आई, तुझं वय काय. मी म्हणलं, तू पासष्टच्या आतला हायेस, तुझं तरी काय जुळलं? तोंड पाडून गाडीची चावी घेऊन आला.

आज मोगऱ्याला चार कळ्या आल्या. तू लहान असताना त्या कच्च्याच खुडायचीस. हे कशाला लिहिलं? असंच.

तुझ्यावर जीव ठेवून हाय. तोही सांभाळ आणि तुझाही.

आजी

•

नाशिक
ता. १७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, पाठीवर पडून लिहिते आहे. काल सकाळी थोडं अंगावर गेलं. लगेच थांबलं, पण डॉक्टरांनी घरी सोडलं नाही. दहा तारखेपर्यंत थांबता येईलच असं त्या आता म्हणत नाहीत. रक्तपेढीला बाहेरगावी एक बाटली सापडली होती, ती काल दुसऱ्या एका बाईला लागली. ती वाचली म्हणे. मला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, मला बरं का वाटलं.

किशोर रोज सगळी नावं पुन्हा तपासतो. सोडून दिलेला रकाना त्यानं परत बसवला आहे. आता त्याची यादी आजोबांच्या कॉम्प्युटरसारखीच दिसते. मी सांगितलं, मला दाखवू नकोस.

आजी, माझं कपाट आईला माहीत आहे. निळ्या पिशवीत बाळाचे कपडे आहेत. काही झालं तर बाळाला पहिली आंघोळ तू घाल. आईला हे सांगता येत नाही, ती रडते. तू रडणार नाहीस, तू मेथीचं काहीतरी सांगशील, म्हणून तुला लिहिलं.

मंगळू सापडला का?

स्नेहल

•

।। श्री ।।

सायखेडा
ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. स्नेहलला ओंजळ भरभरून आशीर्वाद.

आंघोळ मी घालीन, आणि तू पलंगावर बसून पाणी गरम हाय का गार हाय यावरनं माझ्याशी भांडशील. एवढंच त्याचं उत्तर. पुढं ऐक.

नऊ दिवस हिंडलो. बागवाले म्हणायचे, आजी, द्राक्षं न्या, माणसं कशाला शोधता? सोमनाथनं तीन बागांत द्राक्षं खाल्ली, आजोबा होणाऱ्या माणसासारखा नाय, पाव्हण्यासारखा. बरं झालं, त्याच्या तोंडाला जरा रंग आला. शेवटी उगावच्या पुढं एका मळ्यात एक बाई पेटीत घड लावत होती. तिला विचारलं, सुरगाण्याचा मंगळू कुठं भेटंल? तिनं कात्री खाली ठेवली. पदराची गाठ सोडली आणि आतनं माझंच कार्ड काढलं, घामानं मऊ झालेलं.

ती मंगळूची बायको, पुतळाबाई. मंगळू भादव्यात तापानं गेला.

मी तिथंच बांधावर बसले. डोळ्यांपुढं तूच आलीस, ते लिहीत नाय. गावाकडनं आलेल्या कुणीतरी ते कार्ड तिला आणून दिलं होतं. वाचणारं तिच्याजवळ कुणी नाय. पण अक्षर ओळखून होती ती, दिवाळीला यायचं ते हेच म्हणून. मला म्हणाली, तूच वाच आता, काय म्हणतो पोष्टमनबाबा? मी अडखळत वाचून दाखवलं, की नातीला रक्त पाहिजे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ते तर नाय, पण त्यांचा लखन हाय ना, त्याचं बघ, बापासारखंच असंल. आणि मोठ्यानं हाक मारली.

लखन पेट्या उचलत होता. चोवीस वर्षांचा, खांदे असे रुंद. मी कसं विचारू म्हणून शब्द जुळवत होते, तर तो म्हणाला, देतो ना, त्यात काय, पण बाप सुई टोचल्यावर केळं देतात म्हणायचा, ते खरं का? सोमनाथ त्याला तसाच गाडीत घालून नाशकाला घेऊन गेला. तपासलं. बॉम्बेच निघालं, स्नेहल. परवा तो रक्त देणार हाय. एक बाटली झाली.

मग मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना सोमनाथकरवी विचारलं. त्या म्हणल्या, असं रक्त लेकरांत, भावंडांत उतरू शकतं, उतरतंच असं नाय. बास, मला तेवढं पुरे झालं. इतके दिवस मी काळ्या कार्डांवर काट मारत होते. आता त्याच घरांना परत कार्डं टाकली. ह्या वेळेस मेलेल्याच्या नावानं नाय, त्याच्या घरच्यांच्या नावानं. चांदोरीला पण टाकलं, वामनच्या पोराला. आधी माफी मागितली, मग लेकराबाळांची तपासणी मागितली. शिव्या दिल्या तर घेईन.

टाकायच्या आधी कॉम्प्युटर लावला. ह्यांचं कार्ड काळं केलं. मग त्या पाचांची, मग मंगळूचं. सोमनाथला म्हणलं, पाणी काढ. सातांची एकच आंघोळ केली.

अजून एक बाटली पाहिजे. तू तेवढी दम धरून पडून राहा.

माया पाठवलीय, पोच कळव.

आजी

•

नाशिक
ता. ६ मार्च

ती. आजींस कि. सा. न. वि. वि.

स्नेहलच्या हाताला सलाईन आहे, म्हणून हे पत्र मी लिहितो. बाबांनी तुम्हाला मुलगी झाल्याचं आणि दोघी आहेत एवढंच सांगितलं असेल. बाकी मी सांगायला हवं.

तीन तारखेला सकाळी साडेआठला रक्त जायला लागलं आणि थांबेना. नऊला आत नेलं. लखनची बाटली तयार होती. दुसरी एक तारखेला मिळाली, तीही तुमच्या कार्डामुळंच. चांदोरीच्या वामन शिंप्यांची नात मंजुषा वडिलांना स्कूटीवर मागं बसवून आली होती. तिचे वडील, ज्यांनी तुम्हाला रागाचं कार्ड लिहिलं ते, मला म्हणाले, माझं नाही जुळलं, हिचं जुळलं, आईनं देवापुढून उठून हिला पाठवलं आहे. मंजुषा म्हणाली, आजोबांच्या नावानं बोलावणं आलं होतं, घरातल्या कुणीतरी जायलाच पाहिजे होतं.

दोन्ही बाटल्या अकराच्या आत लागल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, तिसरी आहे का? मी नाही म्हणालो. आयुष्यात मी एवढा लहान शब्द एवढ्या कष्टानं बोललो नव्हतो. दुपारी दोनला रक्त थांबलं.

आजी, तो रकाना मी सोडला. तुम्ही कुणी मला बोलला नाहीत, म्हणून मीच लिहून ठेवतो.

चार तारखेला ओझरहून फकिरा नावाचा एक जण आला. त्याची आई तुमच्या यादीतली, सोळा वर्षांपूर्वी वारलेली. रक्त तपासलं, तेच निघालं. डॉक्टरांनी त्याला म्हटलं, आता गरज नाही, जपून ठेवा, बोलावलं की या. तो डबा खाऊन, बाळ बघून गेला.

आपल्या आशीर्वादाच्या छायेत,
किशोर

•

।। श्री ।।

सायखेडा
ता. १२ मार्च

चि. स्नेहल, चि. किशोरराव आणि नाव न ठेवलेल्या पाव्हणीला आशीर्वाद. पाव्हणीला सगळ्यात जास्त, आता चौथा नंबरही तुझा राहिला नाय बघ.

किशोरराव, तुम्ही एक रकाना सोडलात, मी सहा वर्षं सोडली. हिशेब लावत बसलो तर पोरगी पाळण्यात मोठी होईल. ते राहू द्या.

बाळंतविडा बांधून ठेवला होता. अळीव, खारीक, पुतळाबाईनं दिलेली नागली. उद्या सोमनाथबरोबर निघणार होते. तर आज दुपारी पोष्टमननं एक कार्ड टाकलं. मला वाटलं, त्या घरांतलंच कुणाचं तरी उत्तर असंल. पत्ता बघितला. श्री. रंगनाथ, सायखेडा.

सटाण्याच्या एका मास्तरांचं हाय. ह्यांना त्यांनी कधी बघितलेलंही नाय. लिहितात की त्यांच्याकडं कुणी पूर्वी दिलेली एक जुनी यादी हाय, तिच्यात आपलं नाव मिळालं, फोन लागत नाय म्हणून कार्ड टाकतो. त्यांची सून चैताली, रक्त बॉम्बे गटाचं, पंधरा एप्रिलला पोट उघडणार, दोन बाटल्या पाहिजेत. आपण कृपा करून यावं. खाली लिहिलंय की यादीतल्या इतर कुणाचंच उत्तर अजून आलं नाय.

मी ते कार्ड हातात घेऊन ओसरीवर बसले. चांदोरीची म्हातारी देवापुढं का बसून राहिली ते मला आज कळलं.

ह्या घरातनं जाण्यासारखी एकटी तूच, आणि तुझ्यात आता दुसऱ्या दोघांचं रक्त फिरतंय. लखनला सोमनाथनं विचारलं. तो आताच निघायला तयार, पण तीन महिने घेत नायत. मंजुषाचे चार. ते दोघं आपल्यासाठी संपले, चैतालीला कामाचे नायत. फकिरा हाय. देवासारखा उशिरा आला आणि भरलेला परत गेला. त्याला कार्ड आजच टाकलं.

म्हणजे एक झाला. दुसरा नाय.

एकेचाळीस घरांतली सव्वीस अजून गप्प हायत. त्यांना परत लिहायला घेतलंय. किशोरराव, तुमच्या नव्या यादीत घरटी माणसांची नावं घालायला जागा करा आणि सव्वीस घरांचा कागद सोमनाथबरोबर पाठवा, कोरी कार्डंही आणा, इथल्या पोष्टातली संपली. माझं येणं लांबलं. पाव्हणीची आंघोळ आशा घालील, पाणी गार वाटलं तर तिच्याशी भांड.

मास्तरांना उत्तराचं कार्ड घेतलंय. पत्ता नीट लिहून झाला. रंगनाथ नायत हे लिहिलं, फकिराचं नाव लिहिलं, त्याखाली दुसऱ्या नावाची ओळ रिकामी ठेवलीय. उद्या सकाळच्या टपालानं ते तसंच जाऊ देते, वाट बघणाऱ्याला तेवढं तरी कळू दे. पंधरा एप्रिलला चौतीस दिवस हायत.

तिघांवर माया हाय. थोडी सटाण्याला वळवते, राग धरू नका.

तुमची
आजी